डनबारला इतके भारी शिक्षक स्वस्तात का मिळाले?

आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक फॉरवर्ड फिरून येतो. वॉशिंग्टन शहरात कृष्णवर्णीय मुलांसाठी डनबार हायस्कूल नावाची सरकारी शाळा होती. वर्णभेदाच्या ऐन काळात तिथून शास्त्रज्ञ, न्यायाधीश, सेनेटर निघाले. शेवटचं वाक्य ठरलेलं: 'जिद्द असेल तर सवलती लागत नाहीत.' खाली टाळ्यांचे इमोजी. रोख कुणाकडे आहे, हे वेगळं सांगायला नको.

मी सॉफ्टवेअरवाला आहे. एखादी सिस्टीम उत्तम चालली तर 'तिच्यात जिद्द होती' असं आम्ही म्हणत नाही, आत काय आहे ते बघतो. तर डनबारच्या आतही बघू.

१८७० साली एका चर्चच्या तळघरात ही शाळा सुरू झाली. कृष्णवर्णीय मुलांसाठीचं हे अमेरिकेतलं पहिलं सरकारी हायस्कूल. १८९१ मध्ये ते एम स्ट्रीटवरच्या इमारतीत गेलं आणि १९१६ मध्ये नव्या इमारतीसोबत त्याला कवी पॉल लॉरेन्स डनबार यांचं नाव मिळालं. रक्तपेढ्यांचा पाया घालणारे डॉ. चार्ल्स ड्रू, पहिले कृष्णवर्णीय फेडरल न्यायाधीश विल्यम हेस्टी, सेनेटर एडवर्ड ब्रूक हे सगळे इथलेच. इथवर फॉरवर्ड खरा आहे.

आता शिक्षक बघा. गुलामगिरीत जन्मलेल्या ॲना ज्युलिया कूपर १९०२ ते १९०६ इथे मुख्याध्यापिका होत्या. पुढे इथेच लॅटिन शिकवता शिकवता त्यांनी १९२५ मध्ये पॅरिसच्या सोरबॉन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. इतिहासकार कार्टर वुडसन यांनी हार्वर्डची पीएच.डी. १९१२ मध्ये घेतली, तेव्हा ते याच शाळेत शिकवत होते. हायस्कूलच्या पोरांना असे शिक्षक! का? कारण गोऱ्यांची विद्यापीठं त्यांना प्राध्यापक म्हणून दारात उभं करत नव्हती. शिवाय वॉशिंग्टनमध्ये काळ्या आणि गोऱ्या शिक्षकांना समान पगार होता. दक्षिणेत ही गोष्ट दुर्मीळ होती.

म्हणजे 'काहीच नसताना करून दाखवलं' हे साफ खोटं. डनबारकडे देशातली अव्वल बुद्धी होती आणि ती शाळामास्तरच्या पगारात मिळत होती. उरलेली किंमत ते शिक्षक स्वतःच्या आयुष्यातून भरत होते.

हे मला कळायला वेळ लागला नाही, कारण मला गणित शिकवणाऱ्या बाई अशाच होत्या. एम.एस्सी.ला विद्यापीठात वरचा नंबर, पुढे संशोधन करायचं होतं. घरच्यांनी तालुक्याबाहेर जाऊ दिलं नाही. त्यांच्यामुळे मी इंजिनिअर झालो. 'आमच्या गावात असे शिक्षक होते' म्हणून मी वर्षानुवर्षं मिरवलं. माझं नशीब म्हणजे त्यांच्या दाराला बाहेरून लागलेली कडी होती, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

फॉरवर्डचा दुसरा भाग असा: 'वर्णभेद गेला आणि शाळाही गेली.' १९५४ मध्ये सुप्रीम कोर्टाने वॉशिंग्टनच्या शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. एरवी शहरभरातून मुलं येणारं डनबार आता फक्त आसपासच्या वस्तीची शाळा झालं, दर्जा घसरला आणि १९१६ ची ती इमारत १९७७ मध्ये पाडली गेली. हे नुकसान खरं आहे, मी ते नाकारत नाही. पण याचा दोष स्वातंत्र्याला कसा देता? कूपर-वुडसनसारख्यांना इतर दारं उघडल्यावर शाळेत आणायचं, तर त्या तोडीचा पगार आणि मान द्यावा लागतो. ती किंमत मोजायची सवय व्यवस्थेला कधी लागलीच नव्हती. सवलत मिळत होती ती व्यवस्थेला, मुलांना नव्हे.

आणि फॉरवर्डमध्ये एक नाव कधीच नसतं: चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन. याच शाळेचा विद्यार्थी, पुढे हार्वर्डमधून कायदा शिकलेला. 'बघा, मी घडलो ना' असं म्हणायचा हक्क कुणाला असेल तर त्याला होता. त्याने काय केलं? थर्गुड मार्शलसारखे वकील तयार केले आणि शाळांमधल्या वर्णभेदाविरुद्धच्या कायदेशीर लढाईचा आराखडा आखला. वॉशिंग्टनच्या शाळांचा लढाही त्याने हाती घेतला होता; आजारपणात तो जेम्स नॅब्रिट यांच्याकडे सोपवून १९५० मध्ये तो गेला. चार वर्षांनी निकाल लागला. ज्या भिंतीआड आपली शाळा फुलली, ती भिंत पाडण्यात या शाळेच्या सर्वांत हुशार पोरांपैकी एकाने आयुष्य घातलं.

पुढच्या वेळी तो फॉरवर्ड आला की मी ग्रुपवर एकच प्रश्न टाकणार आहे: तुमच्यापैकी कोण आजचा पगार सोडून सरकारी शाळेत गणित शिकवायला जाणार? मी जाणार नाही, हे आधीच कबूल करतो. मग निदान शिक्षकांच्या पगाराचा आणि भरतीचा विषय निघेल तेव्हा 'आमचा टॅक्स' म्हणून ओरडू नका. आणि दुसऱ्याच्या दाराला लावलेल्या कडीला जिद्द म्हणू नका.