टोक बदलले की नेम बदलतो

पाटोदा तालुक्यातल्या माळरानाला लागून शेत असले की हिवाळ्यात सकाळचे पहिले काम ठरलेले असते. बांधावरून एक फेरी मारायची आणि रात्रीत पीक किती गेले ते बघायचे. काळविटांनी हरभऱ्याचे शेंडे खुडलेले असतात, रानडुकरांनी भुईमूग उकरलेला असतो, ज्वारी लोळवलेली असते. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार या सगळ्या पट्ट्याची हीच कहाणी आहे. शेतकरी कुंपणाला जुन्या साड्या बांधतो, झटका मशीन बसवतो, माळ्यावर बसून रात्रभर डबे बडवतो. एवढे करून पीक हाती लागत नाही तेव्हा त्याला कुठलाही उपाय मोहात पाडतो.

मोबाइलवर दिसणारा क्रॉसबो हा त्यातलाच एक मोह. बंदुकीसारखा दस्ता, त्यावर आडवे बसवलेले धनुष्य, वर दुर्बीण, खाली घोडा. आवाज नाही, धूर नाही, आणि लक्ष्यावरच्या ठिपक्यात एकाला एक खेटून बसलेले तीन बाण. हे यंत्र हाती आले की रानडुकराचा प्रश्न मिटला, असे वाटणे साहजिक आहे. पण ते तीन बाण कोणत्या टोकाचे होते, हे त्या चित्रफितीत बहुधा कोणी सांगत नाही. सगळी गोम तिथेच आहे.

बाणाला पुढे दोन प्रकारची टोके लागतात. सरावासाठीची फील्ड टिप गुळगुळीत, गोल, पेन्सिलीच्या टोकासारखी असते. शिकारीसाठीच्या ब्रॉडहेडला दोन, तीन किंवा चार धारदार पाती असतात. दोन्हींचे वजन सारखे मिळते, साधारण १०० किंवा १२५ ग्रेन, म्हणजे साडेसहा ते आठ ग्रॅम. वजन सारखे, बाण तोच, धनुष्य तेच, मग दोन्ही एकाच जागी लागायला हवेत. अनेकदा ते तसे लागत नाहीत.

कारण हवेत आहे. बाणाच्या मागची पिसे सुकाणूचे काम करतात; शेपूट मागे राहील आणि टोक पुढे, एवढे ती सांभाळतात. ब्रॉडहेडची पाती पुढच्या बाजूला दुसरे सुकाणू बसवतात. नावेला पुढेही सुकाणू आणि मागेही सुकाणू लावले आणि दोघांनी दोन दिशा धरल्या तर जे होईल, तेच इथे होते. कांडी केसभर वाकडी असेल, टोक किंचित तिरके बसले असेल किंवा आडवा वारा सुटला असेल, तर फील्ड टिप ती चूक पोटात घालते. ब्रॉडहेड तीच चूक वाढवून दाखवते. अर्ध्या अंशाने बाणाची दिशा ढळली, तर ३० मीटरवर तो सुमारे २६ सेंटीमीटर बाजूला जातो. रानडुकराच्या किंवा काळविटाच्या काळीज-फुप्फुसाची जागा जेमतेम वीतभर असते.

म्हणून जाणकार माणूस ब्रॉडहेड लावलेला बाण आधी टेबलावर उभा धरतो. पात्याचे टोक लाकडावर टेकवायचे, कांडी दोन बोटांत धरून भोवऱ्यासारखी फिरवायची आणि टोक व कांडी जुळतात त्या सांध्याकडे डोळा लावायचा. तिथे थरथर दिसली की तो बाण बाजूला ठेवायचा. हाताला न जाणवणारा वाकडेपणा या फिरकीत डोळ्याला दिसतो. अमेरिकेत परवाना घेऊन क्रॉसबोने शिकार करता येते. तिथले अनुभवी शिकारी हंगामाआधी ब्रॉडहेड लावूनच पुन्हा सराव करतात आणि दुर्बीण नव्याने जुळवतात. फील्ड टिपवर बसवलेला नेम ते तसाच रानात नेत नाहीत.

मिटलेल्या पात्यांचा ब्रॉडहेडही मिळतो. तो हवेत जवळजवळ फील्ड टिपसारखा जातो आणि लागल्यावर उघडतो. नेमाची अडचण त्याने बरीच कमी होते. पण पाती उघडण्यात बाणाचा काही जोर खर्ची पडतो, आणि हलणारा भाग ऐन वेळी अडकू शकतो. मग फील्ड टिपनेच शिकार का करू नये? कारण ती अरुंद भोक पाडते. जनावर झटकन मरत नाही. जखम घेऊन पळते आणि कुठल्या तरी ओढ्यात दिवसेंदिवस तडफडते. अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी शिकारीच्या पात्याची किमान रुंदी कायद्याने ठरवून दिली आहे, ती याचसाठी. थोडक्यात, जे टोक सरळ जाते ते नीट मारत नाही, आणि जे नीट मारते ते सरळ जाईलच याची खात्री नाही.

आपल्याकडे हे ज्ञान परके नाही. धनुर्वेदाच्या संस्कृत ग्रंथांत बाणाच्या टोकांची यादीच आहे: सूचीमुख, भल्ल, क्षुरप्र, अर्धचंद्र, वत्सदंत, गोपुच्छ, काकतुंड. सुईसारखे, वस्तऱ्यासारखे, चंद्रकोरीसारखे, वासराच्या दातासारखे अशी ही नावे आकारावरून पडली. टोकाचा आकार बदलला की बाणाचे काम बदलते, हे ती नावे ठेवणाऱ्यांना पक्के ठाऊक होते. बाजारातला क्रॉसबो विकणारा मात्र हा फरक ग्राहकाला समजावत बसत नाही.

आता यात जिवंत जनावर आणा. क्रॉसबोचा बाण सेकंदाला १०० मीटरच्या आसपास वेगाने जातो, म्हणजे ३० मीटरला सेकंदाचे तीन दशांश. दोरी सुटल्याचा आवाज तेवढेच अंतर एका दशांशाच्या आत कापतो. उरलेल्या वेळात कान टवकारलेले हरीण अंग आकसून उडी घेऊ शकते. रानडुकरे तर पिकात शिरतात रात्री. अंधार, उभे पीक, हलते जनावर, वारा आणि नेम चुकवू शकणारे टोक, एवढे सगळे एकत्र आल्यावर चित्रफितीतला तो ठिपका कुठे राहतो? मागे राहते ते जखमी डुक्कर, आणि पहाटे पाणी द्यायला निघालेल्या माणसाची गाठ त्याच्याशी पडते.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत धनुष्यबाणाचा नाव घेऊन उल्लेख आहे, आणि प्राण्याला जखमी करणे किंवा तसा प्रयत्न करणे हीसुद्धा शिकारच ठरते. काळवीट पहिल्या अनुसूचीत येते. त्याच्या शिकारीला किमान ३ आणि कमाल ७ वर्षे कैद आणि किमान २५,००० रुपये दंड आहे. रानडुकरासारख्या प्राण्याने उभ्या पिकाचे नुकसान केले तर कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. ती परवानगी म्हणजे ज्याने त्याने बाण घेऊन रानात शिरण्याची मुभा नव्हे. ब्रिटनने तर १९८१ च्या कायद्याने वन्यप्राण्यांवर धनुष्य आणि क्रॉसबो चालवायलाच बंदी घातली. १९९४ साली नायगावला मोरांसाठी अभयारण्य करणाऱ्या बीड जिल्ह्याने यापेक्षा सैल भूमिका घेण्याचे कारण नाही.

शेतकऱ्याचे नुकसान मात्र खरे आहे, आणि नुसता कायदा दाखवून त्याचे पोट भरत नाही. पीक गेले की पंचनामा वेळेत व्हायला हवा, भरपाई पुढच्या पेरणीच्या आत खात्यात यायला हवी, आणि सौर कुंपणाचे अनुदान कोरडवाहू शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोहोचायला हवे. हे झाले नाही तर माणूस क्रॉसबोपेक्षाही भयंकर उपायाकडे वळतो: विजेच्या खांबावर आकडा टाकून कुंपणाच्या तारेत करंट सोडतो. त्या तारेला डुक्कर आणि माणूस यांतला फरक कळत नाही.

बाणाची ओढ असलेल्या पोरांसाठी बाणाची चांगली जागा आहे, आणि ती रानात नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे, दोघेही कंपाउंड प्रकारात जगज्जेते झाले. दोघेही साताऱ्यात प्रवीण सावंत यांच्याकडे शिकले. अंतिम फेरीत ओजसने १५ बाणांत १५० पैकी १५० गुण घेतले. ५० मीटरवर दहा गुणांचे वर्तुळ अवघे ८ सेंटीमीटरचे असते. जगातला सर्वोत्तम तिरंदाज तिथे बाण लावतो तो स्थिर कागदावर, लख्ख उजेडात, तपासून घेतलेल्या बाणाने आणि गुळगुळीत टोकाने. तेवढी अचूकता ब्रॉडहेडने, अंधारात, पळत्या जनावरावर मिळेल असे ज्याला वाटते, त्याने हा सामना एकदा जरूर पाहावा.

बीडच्या मातीत खेळाडू कमी नाहीत. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने हांगझोच्या आशियाई स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचे सुवर्ण जिंकले. पाटोद्याच्या राहुल आवारेने २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीचे सुवर्ण आणले. लॉस एंजेलिसला २०२८ मध्ये कंपाउंड तिरंदाजीची मिश्र सांघिक स्पर्धा पहिल्यांदाच ऑलिंपिकमध्ये होणार आहे. पाटोदा, आष्टी, शिरूर कासारच्या एखाद्या शाळेमागे शंभर मीटर सपाट जागा, तिच्या टोकाला मातीचा उंच बांध, गवताच्या चार गाठी आणि शिकवणारा एक माणूस, एवढ्यावर सुरुवात होते. जिल्ह्याच्या क्रीडा खात्याने यंदाच्या आराखड्यात ही एक ओळ घालावी, आणि तिथल्या प्रत्येक भात्यात फक्त फील्ड टिपचे बाण असावेत.