हजेरी भरली, काम बुडाले

पावसाळ्यात सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींत पहिल्या पाळीच्या वेळी एखाद्या फाटकाशी घटकाभर उभे राहिले, तर खोकत, कपाळाला बाम चोळून, तापाची गोळी घेऊन आत जाणारे कामगार हमखास दिसतात. घरोघरी याचे कौतुकच होते. ‘अंगात ताप होता, पण खाडा केला नाही,’ हे वाक्य आपल्याकडे प्रशस्तिपत्रासारखे उच्चारले जाते. कर्तव्यनिष्ठेचा हा अर्थ तपासून पाहिला पाहिजे.

तापल्या अंगाने यंत्रासमोर उभ्या राहिलेल्या माणसाचा हजेरीपटावर पूर्ण दिवस भरतो; कामाच्या हिशेबात तो अर्धाही भरत नाही. नाशकात मोटारींचे सुटे भाग घडविणारे कारखाने पुष्कळ. तेथे मापात केसाएवढा फरक पडला तरी नग नापास होतो, आणि प्रेसवरच्या कामगाराचे लक्ष क्षणभर ढळले तर बोट जाते. शेजारच्या चौघांना लागण झाली, की एकाची दोन दिवसांची रजा वाचविताना साऱ्या विभागाचा आठवडा वाया जातो. गैरहजेरीचे नुकसान कागदावर दिसते. आजारी हजेरीचे दिसत नाही, इतकेच.

हा धडा नाशिकला नवा नाही. कोरोनाच्या साथीत फाटकाफाटकावर ताप मोजणारी यंत्रे आली. तापकऱ्याला घरी पाठविण्यात कोणाला कमीपणा वाटत नसे. एप्रिल २०२१ मध्ये तर संसर्गाची साखळी तोडण्यासाठी नाशिकरोडच्या चलार्थ पत्र मुद्रणालयाची आणि भारत प्रतिभूती मुद्रणालयाची छपाई महिनाअखेरपर्यंत थांबविण्यात आली. देशाच्या नोटा छापणारी यंत्रे थांबली, ती माणसे वाचावीत म्हणून. साथ ओसरली, आणि फाटकावर पुन्हा केवळ हजेरीची नोंद उरली.

दोष केवळ कामगाराच्या हट्टाचा नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेत आजारपणासाठी वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भत्त्याची सोय आहे. परंतु १९४८ च्या मूळ कायद्याने आजाराचे पहिले दोन दिवस सामान्यतः भत्त्याबाहेर ठेवले, आणि साधा ताप नेमका तेवढ्यातच येऊन जातो. कंत्राटी कामगाराचा तर खाडा म्हणजे रोज बुडाला. ज्याची चूल रोजावर पेटते, त्याला विश्रांतीचे व्याख्यान देणे सोपे. दोन दिवसांचा पगार देणे हेच खरे उत्तर. दहा किंवा अधिक कामगारांच्या दुकानांना व कार्यालयांना राज्याच्या २०१७ च्या कायद्याने वर्षाला ८ भरपगारी नैमित्तिक रजा लागू केल्या. पण सुशिक्षित घरांतही त्या लग्नकार्यांसाठी राखून ताप कार्यालयात नेला जातो.

कर्मयोगाचा दाखला देऊन आजारपण दडपणाऱ्यांनी गीतेचा सहावा अध्यायही वाचावा. आहार, विहार, कर्म, निद्रा आणि जागृती यांत जो प्रमाण राखतो, त्याचाच योग दुःख हरतो, असे भगवंत तेथे सांगतात. कामगार संघटनांनी पुढील वेतनकरारात आजाराच्या पहिल्या दोन दिवसांच्या पगाराचे कलम आग्रहाने मांडावे. उद्योजकांनी त्याकडे देखभालीचा खर्च म्हणून पाहावे. यंत्राचा आवाज बदलला, की ते थांबवून तपासले जाते. तेवढी काळजी यंत्र चालविणाऱ्याच्याही वाट्याला यावी.