पहारेकऱ्याची झोप

दुधनीच्या एखाद्या घरी मध्यरात्री बाळंतीण अडते. गावातून अक्कलकोट, तेथून सोलापूर, अशी धावपळ होते आणि शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नाही, असे ठरते. घरची मंडळी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचे नाव विचारतात, त्यांच्या हाताला गुण आहे की नाही ह्याची चौकशी करतात. परंतु त्या बाईच्या उशाशी उभा राहून तिचा श्वास, नाडी व रक्तदाब क्षणोक्षणी राखणारा तरुण निवासी डॉक्टर कोण, आणि तो शेवटचा केव्हा निजला, हे कोणीच विचारीत नाही. आमच्या मते हा प्रश्न सर्वांत आधी विचारावयास हवा.

‘भूल देणारा काय, सुई टोचतो आणि स्वस्थ बसतो!’ हा समज सुशिक्षितांतही रूढ आहे. बोस्टन येथे १६ ऑक्टोबर १८४६ रोजी मॉर्टनने ईथरचा जाहीर प्रयोग केला, तेव्हापासून मनुष्याने वेदनेस जिंकले खरे. पण जे औषध वेदनेस निजविते, तेच श्वासासही निजवू शकते. कमरेत सुई देऊन खालचे अंग बधिर केले, तरी आईचा रक्तदाब झपाट्याने उतरू शकतो. तो वेळीच सावरला नाही, तर पोटातील बाळाचाही प्राणवायू तुटतो. तात्पर्य, ही विद्या टोचण्याची नसून जागण्याची आहे. एम. डी.च्या तीन वर्षांत विद्यार्थ्याने मुख्यतः हे जागणेच शिकावयाचे असते.

मग त्यालाच झोपेवाचून शिकविणे, ह्याला शिक्षण कसे म्हणावे? ‘आम्हीही असेच घडलो’, हे वडीलधाऱ्यांचे उत्तर ठरलेले. परंतु जे निभावले, तेच ही गोष्ट सांगावयास उरतात. ज्यांच्याकडून चूक झाली, ते ती अभिमानाने सांगत नाहीत. ‘अधिक तास, अधिक रोगी, अधिक अनुभव’, असाही युक्तिवाद होतो. पेंगुळलेल्या डोळ्यांपुढून गेलेला रोगी हा अनुभव नव्हे. ती केवळ मोजणी होय.

नियम नाहीत असे नाही. केंद्र सरकारने १९९२ साली निवासी डॉक्टरांसाठी आठवड्यास साधारणतः ४८ तास व सलग १२ तास ही मर्यादा सांगितली होती. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या विनियमांत मात्र ‘वाजवी’ तास आणि ‘वाजवी’ विश्रांती एवढेच शब्द आहेत. आकड्याची जागा विशेषणाने घेतली! वाजवी म्हणजे किती, हे ठरविणार कोण? ज्याला माणसे कमी पडतात, तोच ना? दुधनीच्या स्टेशनावरून जाणारी आगगाडी हाकणाऱ्याच्या कामाचे व विश्रांतीचे नियम तासांच्या आकड्यांत लिहिलेले असतात. मग श्वास हाकणाऱ्यास विशेषणावर का सोडावे?

माणसे अपुरी आहेत, ही सबब खोटी नाही. पण ती खरी असेल, तर जागा वाढवाव्या. एकाच देहातून दोघांचा पहारा काढू नये. आमचे म्हणणे एवढेच, की तासांचा आकडा पुन्हा नियमात यावा, आणि कोण किती वेळ कामावर आहे हे रुग्णालयाच्या भिंतीवर रोज लिहिले जावे. तो फलक वाचण्याचा अधिकार दुधनीहून आलेल्या त्या बाळंतिणीच्या सासूलाही असावा. कारण पहारेकऱ्यास डुलकी लागली, तर घर तिचेच लुटले जाणार आहे.