सही खरी, मजकूर खोटा

दाट धुक्यात महामार्गावरून तुमची मोटार ताशी ९० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २५ मीटर वेगाने चालली आहे असे समजा. पुढची मोटार एकाएकी थांबली. ती दिसण्याआधीच तिने रेडिओ लहरींवरून ‘मी थांबले’ असे कळवले, तर केवढा अनर्थ टळेल! ही आता नुसती कल्पना नाही. ५.९ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर मोटारी आपले स्थान, वेग आणि दिशा सेकंदाला १० वेळा सांगू शकतात. युरोपात २०१९ पासून काही मोटारींत अशी यंत्रणा कारखान्यातच बसवलेली असते.

पण कोणी मुद्दाम खोटे कळवले तर? रस्ता मोकळा असताना ‘मी थांबले’ असा संदेश आला, तुमच्या मोटारीने करकचून ब्रेक लावला, आणि मागचा ट्रक येऊन आदळला!

यावर अभियंत्यांनी अंकीय स्वाक्षरी योजली आहे. गणिताने केलेली ही सही दुसऱ्याला करता येत नाही, आणि मजकुरात एक अक्षर बदलले तरी ती जुळत नाही. उपाय उत्तम, पण तेवढ्यावर विसंबणे मला धोक्याचे वाटते. संदेश अधिकृत यंत्रातून आला, एवढेच सही सांगते. मोटारीचा मालकच लबाड असला तर? शिवाय कोणाच्या येण्याजाण्यावर पाळत राहू नये म्हणून प्रत्येक मोटारीला अनेक टोपणनावे देतात. अमेरिकेतील आराखड्यात आठवड्याला २०. ही सोय हवीच. पण मग एकच लबाड मोटार २० मोटारींची सोंगे आणू शकते!

इथे पदार्थविज्ञान साक्षीला येते. दोन मोटारी एकाच जागी मावत नाहीत. वीस मोटारींचे संदेश एकाच बिंदूकडून येऊ लागले, तर संशय घ्यावा. आणि आपल्या रडारचा दुजोरा मिळेपर्यंत मोटारीने चालकाला सावध करावे, वेग थोडा उतरवावा, पण करकचून ब्रेक लावू नये, असे माझे मत आहे. वळणापलीकडचे रडारला दिसत नाही, तिथे यामुळे मोलाचे क्षण जातील, हे मला मान्य आहे.

वर्गात एक गणित करून पाहा. एका संदेशात वेग सेकंदाला २५ मीटर आहे, ०.१ सेकंदाने आलेल्या पुढच्या संदेशात १५ मीटर. ऋण त्वरण किती? गुरुत्व त्वरणाच्या सुमारे दसपट! साध्या मोटारीचा ब्रेक फार तर एकपटीच्या आसपास जातो. मग संदेश खोटा म्हणून टाकून द्यायचा? थांबा. ती मोटार नुकतीच कशावर आदळली असेल, तर हेच आकडे खरे असू शकतात.