संपादकाची खुर्ची कोणाची?

कॉलेजच्या वार्षिक अंकात आपली एक कविता आली की आपण खूश होतो. पण अंकात काय छापायचं हे ठरवणाऱ्या मंडळात आपलं कोणी असतं का? 'भाषा अशुद्ध', 'विषय भडक' असे शेरे मारून घरातल्या पहिल्या पदवीधराचं लेखन परत येतं. शेरा व्याकरणाचा असला तरी नकार अनेकदा जातीचा असतो.

संपादक बदलला की साहित्य बदलतं. कोलकात्यात सायकलरिक्षा ओढणारे मनोरंजन ब्यापारी तुरुंगात अक्षरं शिकले. महाश्वेता देवींनी त्यांना लिहायला सांगितलं आणि 1981मध्ये आपल्या 'वर्तिका'त छापलं. आपल्याकडे बाबासाहेबांनी औरंगाबादेत 1950मध्ये सुरू केलेल्या मिलिंद महाविद्यालयात गंगाधर पानतावणे शिकवत. त्यांनी 'अस्मितादर्श' चालवलं आणि दलित लेखकांची एक पिढी त्यात लिहिती झाली.

म्हणून आपली मागणी फक्त एका पानाची नको. अंकाची फी सगळ्यांकडून घेता, तर संपादक मंडळात आरक्षित प्रवर्गातले विद्यार्थी आणि विद्यार्थिनी घ्या. लेखन नाकारलं तर कारण लेखी द्या. बोली 'दुरुस्त' करू नका.

हे मिळेपर्यंत थांबायचं कारण नाही. बंगालच्या कॉलेजांत 'देयाल पत्रिका', म्हणजे भित्तिपत्रकाची जुनी रीत आहे. डमडम असो की नांदेड, कागद, स्केचपेन आणि चार मित्र पुरतात. भित्तिपत्रक लावा आणि खाली संपादक म्हणून स्वतःचं नाव लिहा, आडनावासकट.