बस, पाच हजार और!

आमच्या ऑफिसात दोन प्रकारचे लोक आहेत. एक, ज्यांनी २०२५च्या दिवाळी बोनसची इमानदारीत एसआयपी केली. दुसरे, ज्यांनी बोनसचं काय करणार हे घरी सांगितलंच नाही. अस्मादिक दुसऱ्या गटात. पण असली गुपितं आमच्या घरात टिकत नाहीत. एका रात्री जेवताना बाबांनी विचारलंच, "काय रे, तुझ्या लॅपटॉपवर दिवसभर पंख्यांचे फोटो का असतात?"

"पंखे नाहीत बाबा, ग्राफिक्स कार्ड आहे. नवीन कॉम्प्युटर घेतोय. गेमिंगसाठी."

आईच्या हातातली पोळी तव्यावर जायची थांबली. बाबा मात्र शांतपणे म्हणाले, "नीट बघून घे. मागच्या वेळेसारखं नको."

मागची वेळ म्हणजे २००४! मी सहावीत होतो आणि 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम' या गेमसाठी जाम वेडा झालो होतो. तो चालायला कार्ड हवं म्हणून बाबा मला लॅमिंग्टन रोडला घेऊन गेले. दुकानात त्यांनी एकच प्रश्न विचारला, "नवीन कुठलं?" आणि आम्ही जीफोर्स-फोर एमएक्स ४४० घेऊन आलो. तीनपेक्षा चार मोठा, एवढा साधा हिशोब. घरी आलो, सीडी टाकली, आणि राजपुत्र काही पडद्यावर अवतरला नाही. गेमला लागणारे पिक्सेल शेडर आधीच्या जीफोर्स-थ्रीमध्ये होते, पण चार नंबरच्या या एमएक्समध्ये नव्हतेच. नाव नवं, आतलं तंत्र बरंचसं जीफोर्स-टूच्या काळातलं. बाबा काही बोलले नाहीत. त्या महिन्यात त्यांनी स्वतःसाठी चपला घ्यायच्या होत्या, त्या घेतल्या नाहीत. हे मला बऱ्याच वर्षांनी आईकडून कळलं.

तेव्हा या वेळी ठरवलं, नंबर बघून भुलायचं नाही. तीन आठवडे होमवर्क केला. (ऑफिसचं कामही केलं. बॉस हे वाचतात.) त्यातून एक गोष्ट कळली. 'कार्ड कुठलं घेऊ?' हा प्रश्नच उलटा आहे. आधी विचारायचं, मॉनिटर कुठला?

म्हणजे कसं बघा. कार्डाचं काम पडद्यावरचे ठिपके रंगवायचं. साध्या फुल एचडी पडद्यावर असे सुमारे २१ लाख ठिपके असतात. १४४०पीवर ३७ लाख आणि फोर-केवर थेट ८३ लाख! शिवाय १४४ हर्ट्झचा मॉनिटर पूर्ण वापरायचा तर हे सगळं सेकंदाला १४४ वेळा रंगवायचं, म्हणजे एका चित्राला सात मिलिसेकंदसुद्धा नाहीत. त्यामुळे जुन्या ६० हर्ट्झच्या फुल एचडी पडद्याला लाखाचं कार्ड जोडणं म्हणजे वन-बीएचकेमध्ये लग्नाचा हॉलवाला साउंड लावणं. मी सत्तावीस इंची, १४४०पी मॉनिटर ठरवला आणि अर्धी यादी आपोआप गळाली.

दुसरा प्रश्न, खेळणार काय? फक्त 'व्हॅलरंट' खेळणार असाल तर तो गेम बिचारा गरिबाघरीही नांदतो. स्वस्तातलं कार्ड घ्या आणि उरलेल्या पैशांत गोव्याला जाऊन या. 'सायबरपंक २०७७'सारखा गेम सगळे दिवे लावून बघायचा असेल तर मात्र खिसा सैल करावा लागतो.

तिसरा प्रश्न मेमरीचा, आणि इथे चकवा आहे. आरटीएक्स ५०६० टीआय किंवा आरएक्स ९०६० एक्सटी, दोन्ही २०२५ची कार्डं. दोन्ही ८ जीबीत मिळतात आणि १६ जीबीतही. नाव तेच! खोक्यावरचा बारीक आकडा वाचला नाही की एमएक्स ४४० पार्ट टू. गेममधल्या भिंती, कपडे, चेहरे यांची चित्रं या मेमरीत राहतात. ती भरली की कार्ड कॉम्प्युटरच्या रॅमकडे हात पसरतं आणि ऐन मारामारीत गेम अडखळतो. शिवाय रॅमसारखी ही मेमरी नंतर वाढवता येत नाही.

आणि हो, जाहिरातीतले दुप्पट उंचीचे ग्राफ बघताना 'फ्रेम जनरेशन' हे शब्द शोधा. कार्ड दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये स्वतःच्या मनाने चित्रं घालतं. दिसायला मस्त, स्मूथ. पण माऊस दाबल्यावर गोळी त्यामुळे लवकर सुटत नाही.

एवढा अभ्यास करून, कार्डासाठी चाळीस हजारांची लक्ष्मणरेषा आखून मी लॅमिंग्टन रोडला निघालो. बाबा म्हणाले, "मीही येतो." ग्रँट रोड स्टेशन, तीच गर्दी, तीच दुकानांची रांग. दुकानातला मुलगा सॉल्लिड गोड बोलायचा. मी १६ जीबीचं ९०६० एक्सटी मागितलं.

"सर, अच्छा है. पर बस पाच हजार और डालो, ५०६० टीआय आएगा."

खरं होतं. मान हलवली.

"अब इतना डाल रहे हो तो थोडा और, सीधा ५०७०!"

पुन्हा मान हलली. दर पायरीवर वरची पायरी जवळच वाटते, हीच तर गंमत. दहा मिनिटांत मी ५०७० टीआयवर होतो आणि मनातल्या मनात मॉनिटर रद्द करून कॅबिनेटबरोबर फुकट मिळणारा पॉवर सप्लाय स्वीकारत होतो. म्हणजे वर सोन्याचा कळस आणि खाली वाळूचा पाया. स्वस्त पॉवर सप्लाय उडाला तर जाताना कार्डालाही सोबत नेऊ शकतो, हे मला पाठ होतं. तरीही!

तेवढ्यात बाबांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात माझ्या पाच गेम्सची नावं. आदल्या रात्री मला विचारून लिहून घेतली होती.

"यातलं काय त्या पहिल्या कार्डावर चालणार नाही?"

मुलाने कागद वाचला. "चलेगा तो सब, काका."

"मग वरचं कशाला?"

त्याच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं.

९०६० एक्सटी घेतलं. त्याची भूक १६० वॉटची, म्हणून ६५० वॉटचा चांगला पॉवर सप्लाय निवांत पुरला. कार्ड कॅबिनेटमध्ये मावतं का, हे टेप लावून मोजलं. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून की सिरियल नंबरवर, हे विचारून घेतलं. तुम्हीही घ्या.

घरी आल्यावर मी शहाण्याने काय करावं? पंधरा दिवस १४४ हर्ट्झचा मॉनिटर ६०वरच चालवला! विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन आकडा बदलावा लागतो, हे होमवर्कमध्ये राहून गेलं होतं.

परवा रविवारी बाबा खोलीत आले. "तो तुझा राजपुत्र आता तरी चालतो का रे?"

गेम विकत घेतला. आता तो इतका जुना आहे की त्याला कार्डाची गरजही नाही. पण बाबांना हे सांगितलं नाही. त्यांना खुर्ची दिली, कीबोर्ड पुढे सरकवला. पाच मिनिटं ते चष्मा सावरत पडद्याकडे बघत राहिले.

"अरे, हा उडी का मारत नाही? परत तेच कार्ड आणलंस की काय?"

"बाबा, स्पेसबार दाबायचा असतो."