नुसत्या करवल्या

मराठी पडद्यावरच्या लग्नाच्या विनोदी गोष्टींशी मला जरा भांडायचे आहे. त्या बघू नका असे माझे म्हणणे नाही. मीही बघते, पोटभर हसते. पण आपल्या मुलींनी कष्टाने मिळवलेल्या दोन गोष्टी, नोकरी आणि मैत्रीण, तिथे ज्या तऱ्हेने वापरून टाकल्या जातात, ते मुकाट्याने सोडून देण्यासारखे नाही.

'मुंबई-पुणे-मुंबई' घ्या. २०१० साली त्यातली मुलगी स्थळ नाकारायला एकटी पुण्याला येते, फाडफाड बोलते, आपल्याला आवडते. २०१५ च्या दुसऱ्या भागात लग्न. २०१८ च्या तिसऱ्या भागात बाळाची चाहूल. आठ वर्षांत तीन चित्रपट, आणि बाईची वाटचाल पणजीने आखून दिली असती तीच! अशा गोष्टींत नोकरी म्हणजे खांद्यावरची पर्स. मैत्रीण म्हणजे करवली. तिने मेंदीच्या वेळी चिडवायचे, नवऱ्या मुलाचे बूट लपवायचे आणि अक्षता पडल्या की गोष्टीतून नाहीसे व्हायचे. बायकांच्या मैत्रीवरचेही चित्रपट आले, नाही असे नाही. पण 'झिम्मा'तल्या (२०२१) बायकांना मन मोकळे करायला इंग्लंडच्या सहलीवर जावे लागते, आणि 'बाईपण भारी देवा'तल्या (२०२३) सहाजणी सख्ख्या बहिणीच, त्याही मंगळागौरीच्या निमित्ताने जमलेल्या. बायकांनी घोळक्याने जाऊन ते पाहिले. त्या गर्दीत केवढी भूक होती! मात्र बाविशीतल्या, पगारावर जगणाऱ्या, नात्यागोत्याच्या नसलेल्या दोन मुलींची मैत्री गोष्टीच्या मधोमध ठेवायला आपले लेखक सहसा धजत नाहीत.

विभावरी शिरूरकरांनी १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास'मध्ये शिकलेल्या, बिनलग्नाच्या मुलींचे मन उघडे केले तेव्हा केवढे वादळ उठले होते. नव्वद वर्षे उलटली. आता अशा मुली शोधायला फार लांब जायला नको. आमच्या पिंपरी-चिंचवडला या.

१९७४ साली टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असे छापले होते. बंगळूरला शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, यांनी जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला आणि पुण्याच्या कारखान्यात नोकरी मिळवली. आज त्याच कंपनीच्या चिखलीच्या कारखान्यात हॅरियर-सफारी जोडणारी एक लाईन सुमारे १,५०० मुली चालवतात. चाकण-भोसरीच्या पट्ट्यात ट्रेनी म्हणून, कंत्राटावर लागलेल्या मुली तर किती! कॉट बेसिसवर एका खोलीत चौघी. एकीची पहिली पाळी, दुसरीची दुसरी. गादी एकच, ती गार होत नाही. भिशी लावून एकमेकींचे भाडे भागवतात. खाडा पडला तर पैसे कापतात, म्हणून ताप अंगावर काढतात, आणि खोलीतली दुसरी रागावून तिला गोळी देते. आमच्या गटात येणाऱ्या कितीतरी जणी ओव्हरटाइम करतात तो घरच्यांनी ठरवलेल्या स्वतःच्या लग्नासाठी. बस्ता, मानपान, लॉन्सचे भाडे, सगळे तिच्याच घामाचे. आणि बोलणी होतात तेव्हा तिला चहाचा ट्रे देऊन आत पाठवतात.

कोणी म्हणेल, प्रेमविवाहात असे नसते. पडद्यावर तसेच दाखवतात: प्रेम जमले की हिशेब संपला. मे २०२५ मध्ये मुळशी तालुक्यातल्या भुकूमला एका सुनेचा मृत्यू झाला. हुंड्यासाठी छळाचा गुन्हा दाखल झाला, सासरच्यांना अटक झाली. लग्न प्रेमाचेच होते. तरी ५१ तोळे सोने, चांदीची भांडी आणि फॉर्च्युनर दिल्याचे माहेरच्यांनी सांगितले. गाडीची किल्ली बड्या पुढाऱ्याच्या हस्ते दिल्याचे चित्र साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा! गाडी जोडणारी मुलगी आणि गाडीसकट दिलेली मुलगी, दोघी एकाच पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीतल्या.

"अहो, करमणूक आहे, तिथेही तुमचा हुंडा कशाला?" हे मला नेहमी ऐकवले जाते. मलाही करमणूकच हवी आहे. रडगाणी आपण पुष्कळ लिहिली. पण विनोद कोणावर आणि कुठे थांबतो, हे विचारायला नको का?

आमच्याकडे विनोदाला तोटा नाही. इथल्या बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, आणि मुहूर्त धरतात रविवारी. चौघींपैकी एकीचे लग्न गावी. तिघींनी एकदम रजा मागितली तर लाईन अडते. सुपरवायझर म्हणतो एकीलाच सोडीन. मग कोण जाणार, कोण कोणाची पाळी भरणार, भिशीचा नंबर मोडून नवरीला काय द्यायचे, आणि तिला लग्नानंतर कामावर परत येऊ देतील का, हे नवऱ्या मुलाला तोंडावर कोण विचारणार? एवढ्यावर अडीच तासांचा चित्रपट आरामात होतो. लिहिणारी मिळाली तर खोलीचा पत्ता मी देते. फक्त गुरुवारी यावे, बाकीच्या दिवशी दोघी तरी झोपलेल्या असतात.